मालकिणीच्या हातातलं पासबुक

"अहो, पॅन कार्ड द्या की."

जुलै महिना, रिटर्नची गर्दी, सांगलीच्या विश्रामबागेतल्या माझ्या ऑफिसच्या दारात ओल्या छत्र्यांचा ढीग. कॉम्प्युटरवरची नजर न काढताच मी म्हटलं, "माझ्याकडं कुठंय? तुमच्याकडंच असणार." मग लक्षात आलं, तो मला म्हणतच नव्हता. शेजारी बसलेल्या बायकोला म्हणत होता. आपल्याकडं बायको नवऱ्याला अहो म्हणते आणि नवरा बायकोला अगं. इथं वारं उलटं होतं. तिनं पर्समधून त्याचं पॅन काढलं, आधार काढलं, फॉर्म सोळा आणि पासबुक काढलं, एकेक करून टेबलावर मांडलं. त्यानं कशाला हात लावला नाही.

तो कुपवाडच्या एमआयडीसीत नोकरीला, तिचं ब्लाउज शिवायचं दुकान. तीन वर्षं त्यांची रिटर्न्स भरताना मला एवढंच माहीत होतं. चौथ्या वर्षी तिनं विचारलं, "मॅडम, याचा सगळा पगार माझ्या खात्यावर येतो. मग कायद्यानं तो कुणाचा?" आणि दार लोटून घेऊन, तो तिच्याकडं का येतो तेही सांगितलं. त्यांना विचारून, ओळखीच्या खुणा बदलून लिहिते आहे. घरातला पैसा कुणी सांभाळायचा यावर आपल्याकडं भांडणं होतात, कोर्टात केसेस होतात, पण तो प्रश्न ठरवून, आनंदानं सोडवणारी माणसंही असतात हे मला त्या दिवशी कळलं. ती कुठं फसू शकतात तेही हळूहळू कळत गेलं.

आधी शब्द समजून घेऊ. अशा नात्याला इंग्रजीत डॉमिनन्स-सबमिशन म्हणतात, थोडक्यात डी-एस. दोन सज्ञान माणसं आपसांत ठरवतात की अमुक बाबतीत एकाचं चालेल आणि दुसरा ऐकेल. चालवणारा तो डॉम, ऐकणारा तो सब. सबला ते ऐकणंच हवं असतं. कुणाला त्यात डोकं शांत झाल्यासारखं वाटतं, कुणाला शरीरसुख मिळतं, कुणाला दोन्ही. काहींचा हा खेळ शनिवारी रात्रीपुरता, बंद दाराआड. काहींचा चोवीस तास चालतो: काय घालायचं, कधी झोपायचं, जेवायला काय करायचं. शनिवारच्या खेळाला पैशाशी फारसं देणंघेणं नसतं. चोवीस तासांच्या नात्यात मात्र दूधवाला येतो, वीजबिल येतं, सोसायटीचा हप्ता येतो, आणि प्रत्येक ठिकाणी प्रश्न उभा राहतो की आता हो कुणी म्हणायचं.

हा काही आजार नाही ना, असं तिनंही मला विचारलं होतं, करसल्लागाराला! जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात संमतीनं चालणाऱ्या सॅडोमॅसोकिझमला, म्हणजे दुखवण्यातून किंवा दुखवून घेण्यातून सुख मिळवण्याला, आजारांच्या यादीतून वगळलंय. जबरदस्तीचा प्रकार तेवढा ठेवलाय. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी आपल्या तशाच यादीच्या २०१३ च्या आवृत्तीत हाच फरक केला होता. तो विषय तिथंच संपतो.

आता मालक या शब्दाकडं येऊ. आपल्या सातारा-सांगलीच्या गावांत बाई दारात उभी राहून सांगते, "मालक रानात गेल्यात." म्हणजे नवरा रानात गेलाय. कुणालाच त्यात काही खटकत नाही. द्राक्षाचे, उसाचे पैसे मालकाच्या खात्यावर जमा होतात, बाजाराला मालक हातावर ठेवतील तेवढे मिळतात, आणि आजीपासून नातीपर्यंत सगळ्याजणी डाळीच्या डब्यात तळाशी चारशे-पाचशे लपवून ठेवतात. लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये २०२४ पासून थेट बाईच्या खात्यावर यायला लागले, पण एटीएम कार्ड कुणाच्या खिशात असतं ते घरोघरी बघून घ्या. आता हेसुद्धा एकाचं चालणं आणि दुसऱ्यानं ऐकणंच आहे. फरक एवढाच की त्या बाईला कुणी विचारलेलं नसतं. ठरवलेलं कुणीच नसतं, ते लग्नाबरोबर आलेलं असतं, भांड्यांसारखं. त्यामुळं बाहेरून दोन घरं अगदी सारखी दिसू शकतात: इथंही एकाच्या हातात पासबुक, तिथंही एकाच्या हातात पासबुक. आत काय फरक आहे ते ओळखायला मला त्या जोडप्याची वही बघावी लागली.

वही साधीच, लाल कापडी जिल्दीची, दुकानदार रोजमेळाला वापरतात तसली. तारीख, तपशील, रक्कम हे तीन रकाने छापील. चौथा त्यांनी पट्टीनं आखलेला, डोक्यावर लिहिलेलं: विचारलं? त्याच्या बारीक अक्षरात नोंदी होत्या. वडापाव दोन, ४० रुपये, होय. गाडीत पेट्रोल, ३०० रुपये, होय. मित्राच्या पोराला वाढदिवसाचं पाकीट, ५०१, आधी दिलं, मग सांगितलं. त्यापुढं तिची लाल रेघ आणि 'रविवारी बोलू'. दर रविवारी ती वही तपासते. तो समोर बसतो. तो म्हणाला, "मॅडम, आठवड्यातली ती वीस मिनिटं मला सगळ्यात आवडतात. बाहेर मी बारा माणसांचा सुपरवायझर आहे. सगळे मला विचारत येतात. तिथं मी विचारतो." मी मान हलवली. माझ्या पंचवीस वर्षांच्या कामात हिशेब दाखवताना कुणाचा चेहरा असा खुललेला मी पाहिला नव्हता.

पण त्या वहीचं मोल मला कळलं ते शेवटच्या पानावरून. तिथं दोघांच्या सह्यांनिशी कलमं लिहिली होती. त्यातलं एक: "आयर्विन चाळीस" म्हटलं की हळू घ्यायचं. "आयर्विन पंचेचाळीस" म्हटलं की त्या क्षणी सगळं थांबलं, कार्ड परत, पासबुक परत, कारण नंतर. सांगलीबाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा पातळी आणि ४५ वर गेलं की धोका पातळी. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, तेव्हापासून इथलं शेंबडं पोरगंही हे दोन आकडे पाठ म्हणतं. या जगात अशा ठरवलेल्या शब्दाला सेफवर्ड म्हणतात. बहुतेक लोक पिवळा आणि लाल असे सिग्नलचे रंग वापरतात. यांनी आपली नदी वापरली. मुद्दा असा, की सेफवर्ड शरीराच्या खेळाला असतो हे सगळ्यांना माहीत असतं. पैशाला तो लावायचं कुणाच्या लक्षात येत नाही. दोरी बांधली तर हात दुखायला लागतो, तसं लगेच कळतं. खातं रिकामं होताना काहीच दुखत नाही. ते कळतं सहा महिन्यांनी, घराचा हप्ता परत गेला की.

हा करार लिहायचा प्रकार नवीन नाही. ज्याच्या आडनावावरून मॅसोकिझम हा शब्द आला, त्या ऑस्ट्रियन लेखक लिओपोल्ड फॉन साखर-मासोखनं १८६९ मध्ये फॅनी पिस्टोर या बाईशी सहा महिन्यांचा लेखी करार केला होता: मी तुझा दास. दोघं इटलीला निघाले तेव्हा बाई पहिल्या वर्गात आणि हा नोकर म्हणून तिसऱ्या वर्गात बसला म्हणे. गंमत बघा, तिकिटाचा वर्ग, म्हणजे पैसाच, खेळाचा भाग झाला होता. पण करारात मुदत होती. सहा महिने. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या वेड्या माणसाला जे सुचलं, ते आजकालच्या 'कायमची तुझी' लिहून देणाऱ्यांना सुचत नाही.

कायद्यात अशा कागदाची किंमत काय? सरळ सांगते: कोर्टात शून्य. 'मी तुझा दास' असा करार कुणी अंमलात आणून देणार नाही. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे आणि त्यातलं कलम १६ वाचून मी खुर्चीत सरळ बसले. तिथं अनुचित प्रभावाची व्याख्या आहे. दोघांचं नातं असं असेल की एकजण दुसऱ्याच्या इच्छेवर वर्चस्व गाजवू शकतो, आणि त्या स्थितीचा वापर करून त्यानं गैरवाजवी फायदा उपटला, तर तो अनुचित प्रभाव. मूळ इंग्रजीत शब्दच 'डॉमिनेट' आहे! असा व्यवहार ज्याच्यावर प्रभाव पडला तो रद्द करून मागू शकतो, आणि व्यवहार तोंडावरच अन्यायाचा दिसत असेल तर मी दबाव टाकला नाही हे सिद्ध करायची जबाबदारी वर्चस्व असणाऱ्यावर येते. म्हणजे सबनं डॉमच्या नावावर प्लॉट केला आणि पुढं बिनसलं, तर डॉमनं तो वहीतला कागद कोर्टात दाखवावा की लपवावा? दाखवला तर स्वतःच लिहून दिल्यासारखं होतं की होय, माझं याच्यावर वर्चस्व होतं. म्हणून डॉमनंसुद्धा मोठी मालमत्ता घेऊ नये, स्वतःच्या भल्यासाठी. हे तिला सांगितल्यावर ती गप्प झाली. तिच्या मनात फ्लॅट होता.

फ्लॅटचं सोपं वाटतं, तिथंच घोळ आहे. महाराष्ट्रात राहतं घर बायकोच्या नावावर बक्षीसपत्रानं करायला मुद्रांक शुल्क २०० रुपये, वर इतर खर्च. दोन साक्षीदार, नोंदणी, झालं. आणि एकदा नोंदवलेलं बक्षीसपत्र मन बदललं म्हणून परत फिरत नाही, कोर्टाची पायरी चढावी लागते. आयर्विन पंचेचाळीस म्हटलं तर पासबुक परत येईल, फ्लॅट येत नाही.

मी त्यांना हरिपूरच्या पेवांचं उदाहरण दिलं. सांगलीची हळद पूर्वी कृष्णाकाठी हरिपूरला जमिनीत खोदलेल्या पेवांत ठेवायचे. वरून माती लिंपायची, आत हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या महापुरात बहुतेक पेवं गेली. तर पेव एकाचं, हळद दुसऱ्याची. माल पेवाच्या पोटात, पावती मालकाच्या खिशात, आणि त्या पावतीवर सौदे व्हायचे. हळद दिसत नाही, हाताला लागत नाही, राखण दुसरा करतो, तरी ती कुणाची याबद्दल कधी वाद नसायचा. सबनं पैसा असा द्यावा. ताबा द्या, राखण द्या, रोजच्या खर्चाला 'हो' म्हणायचा हक्क द्या. पावती खिशात ठेवा.

व्यवहारात ही पावती म्हणजे काय, ते आम्ही बसून ठरवलं. पगार त्याच्या स्वतःच्या खात्यात जमा होतो, तिथून ठरलेली रक्कम तिच्या खात्याला आपोआप जाते. ते थांबवायचा अधिकार त्याचा. घराचा हप्ता, विम्याचा हप्ता आणि आईच्या औषधाचे पैसे आधी वजा. ते खेळात नाहीत. विमा, पीएफ, म्युच्युअल फंड त्याच्याच नावावर, वारस म्हणून ती. खर्चासाठी यूपीआय सर्कल. ही २०२४ मध्ये आलेली सोय बहुधा कॉलेजच्या पोरांसाठी आणि म्हाताऱ्या आईबापांसाठी काढली असावी, पण यांना तर शिवून दिल्यासारखी बसली. खातं एकाचं, वापरणारा दुसरा. दुसऱ्यानं दुकानात कोड स्कॅन केला की पहिल्याच्या फोनवर विचारणा जाते, त्यानं पिन टाकला तरच पैसे जातात. दुसरा प्रकारही आहे, ज्यात दर वेळी विचारावं लागत नाही, महिन्याला १५,००० पर्यंत मर्यादा घालून देता येते. त्यांनी विचारण्याचा घेतला, अर्थातच. पिन मात्र कुणी कुणाला सांगत नाही. त्यानं हौसेनं आपला पिन तिच्या वहीत लिहून ठेवला होता, तो मी माझ्यासमोर बदलायला लावला.

कराचं दोन ओळींत सांगते, कारण लोक याबाबत फार घाबरतात. पगार कुणाच्याही हातात द्या, कर कमावणाऱ्यालाच लागतो. नवऱ्यानं बायकोला दिलेले पैसे भेट म्हणून करमुक्त, पण तिनं ते गुंतवले की व्याज नवऱ्याच्या उत्पन्नात मिळवलं जातं. जोडीदार लग्नाचा नसेल, तर एका वर्षातल्या भेटी ५०,००० च्या वर गेल्या की ती सगळी रक्कम घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते. बिनलग्नाच्या डॉम मंडळींनी हे नीट वाचावं.

आणि एक कलम मी सुचवलं नव्हतं, ते त्यांच्या वहीत आधीपासून होतं. 'एसटीचं भाडं.' त्याच्या नावावर वेगळ्या पतसंस्थेत एक ठेव, तीन महिन्यांचं खोलीभाडं आणि जेवणखाण निघेल एवढी. तिला ती दिसते, पण हात लावायची परवानगी नाही. उद्या नातं मोडलं तर स्टँडवर जाऊन बसायला पैसे हवेत, म्हणून हे नाव. मी म्हटलं, बायकांना तर एसटी आता अर्ध्या तिकिटात आहे, तुम्हाला मात्र पूर्ण. पण मनात आलं, डाळीच्या डब्यातले पैसे आणि हे पैसे काम एकच करतात. आजीला ते चोरून करावं लागलं. इथं डॉमनं स्वतः सांगून करायला लावलं. ज्याच्याकडं निघून जायचं भाडं आहे आणि तरी जो बसून आहे, त्याच्या 'हो'ला मी हो मानते. भाडं नसलेल्याचं 'हो' तपासून घ्यावं लागतं, मग तो कितीही हसून म्हणो.

सब बाई असेल तर हे दुप्पट खरं. २००६ पासून लागू असलेल्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात आर्थिक छळ हा वेगळा प्रकार नमूद आहे: घरखर्च न देणं, स्त्रीधन विकणं, तिच्या हक्काच्या पैशापर्यंत तिला पोचू न देणं. बाईनं लिहून दिलंय म्हणून डॉमला त्यातून सूट नाही. आणि दागिने ठेवून घेताना 'तू माझी सब आहेस ना' म्हणणारा नवरा, आणि काहीच न म्हणता ठेवून घेणारा नवरा, यांच्यात मला तरी फरक दिसत नाही. स्त्रीधन बाईचंच, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्येच सांगितलंय.

इथवर जोडप्यांचं झालं. याच झाडाची एक फांदी वेगळीच वाढलीय, तिला फिनडॉम म्हणतात, फायनान्शियल डॉमिनेशन. त्यात पैसा देणं हाच खेळ. समोरच्याला, बहुतेकदा कधी न भेटलेल्या बाईला, पैसे पाठवायचे आणि पाठवण्यातच नशा. बदल्यात काही मिळायलाच हवं असं नाही. दिलेल्या रकमेला ट्रिब्यूट म्हणतात. आपल्या भाषेत नजराणा.

माझ्याकडं एक पोरगा कर्जाच्या फाइलसाठी बँक स्टेटमेंट घेऊन आला होता. रात्री अकरा ते दोनच्या दरम्यानच्या नोंदी: ५०१, ५०१, १,००१, पुन्हा ५०१. मला वाटलं, लग्नसराईत एवढे आहेर? सगळे एकाच आयडीला. पुढच्या पानावर २,१००, मग ५,००१, आणि मग कर्ज देणाऱ्या ॲपकडून आलेले ८,०००, त्याच रात्री पुढं गेलेले. त्याला काही विचारायची गरज नव्हती, त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. फिनडॉम हा सगळा फसवणुकीचाच धंदा, असं मी म्हणणार नाही. महिन्याच्या सिनेमा-हॉटेलाच्या बजेटात बसवून कुणी तो शौक करत असेल, तर तो त्याचा प्रश्न. घोडा अडतो तो दोन ठिकाणी. एक, या खेळाची रंगतच 'अजून थोडं'मध्ये आहे, जुगारासारखी, आणि मर्यादा ठरवायची वेळ नेमकी धुंदीत येते. ती सकाळी चहा घेताना ठरवायची, आणि ॲपमध्ये घालून टाकायची, म्हणजे रात्री मन बदललं तरी बँक बदलत नाही. दुसरं, यात ब्लॅकमेलचं सोंग घ्यायची पद्धत आहे: तुझे फोटो तुझ्या घरी पाठवीन, पैसे टाक. सोंग कधी खरं होतं ते कळत नाही, आणि यूपीआयवर पैसे पाठवताना बँकेतलं तुमचं खरं नाव समोरच्याला दिसतं. खरी धमकी आली तर ती खंडणीच आहे, आधी तुम्ही काहीही कबूल केलेलं असो. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन करायचा. पलीकडच्या हवालदाराला फिनडॉम समजावून सांगायची गरज नाही. पैसे मागून धमकावतायत, एवढं पुरतं.

पैसे घेऊन डॉम होणाऱ्या व्यावसायिक बायकाही असतात. पैसा आला म्हणजे संमती खोटी, असं आपण पटकन म्हणतो. सांगलीत तसं म्हणणं जरा अवघड आहे. इथं संग्राम संस्था १९९२ पासून वेश्याव्यवसायातल्या बायकांसोबत काम करतेय, आणि १९९६ मध्ये उभी राहिलेली वेश्या अन्याय मुक्ती परिषद ही तर त्या बायकांचीच संघटना. पैसे घेतले म्हणून आमचं मत गेलं नाही, हे त्या मोर्चे काढून सांगत आल्यात. मी त्या विषयातली नाही. माझं म्हणणं हिशेबापुरतं: पैसा संमती पुसतही नाही आणि सिद्धही करत नाही. ती वेगळी विचारावी लागते, दर वेळी.

या वर्षी दोघं पुन्हा आले. वही मोठी झालीय. फेब्रुवारीच्या एका पानावर त्याच्या अक्षरात 'आयर्विन चाळीस' होतं. कारखान्यात ओव्हरटाइम बंद झाला होता आणि दर वेळी विचारणं त्याला लाजिरवाणं वाटायला लागलं होतं. खाली तिच्या लाल पेनात, 'बरं. पाणी उतरेपर्यंत ५०० खाली विचारू नकोस.' पुढची तीन पानं चौथा रकाना रिकामा. एप्रिलपासून पुन्हा होय, होय, होय.

रिटर्न झालं. मी फी सांगितली, १,५००. त्यानं माझ्या टेबलावरचा कोड स्कॅन केला आणि फोन गुडघ्यावर ठेवून स्वस्थ बसला. तिच्या पर्समध्ये टुंग वाजलं. तिनं फोन काढला, चष्मा नाकावर सरकवला, रक्कम वाचली.

"मागल्या वर्षी बाराशे होती न्हवं?"

मी म्हटलं, वहीचा सल्ला धरून आहे. ती त्याच्याकडं वळली. "काय करू?"

"तुम्ही म्हणाल तसं," तो म्हणाला.

तिनं पिन टाकला.